पहिली मोकळी रात्र फोटोंची नव्हे, तपासणीची: पावसाळ्यानंतर नाशिकच्या गच्चीवर पुन्हा आकाशचित्रण

जूनमध्ये झाकून ठेवलेली दुर्बीण नाशिकमध्ये साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाहेर निघते. मधले जवळजवळ चार महिने ढगांचे. एखाद्या रात्री तासभर उघडीप मिळते, पण माउंट (दुर्बीण ताऱ्यांच्या मागोमाग फिरवणारी बैठक) लावून होईपर्यंत आभाळ पुन्हा भरून येतं. म्हणून परतीचा पाऊस थांबून पहिली स्वच्छ संध्याकाळ आली की मन एकदम मोठ्या बेतावर धावतं: आज देवयानी दीर्घिका, सलग चार तास.

माझं सांगणं याच्या उलट आहे. ती पहिली रात्र फोटोंसाठी वापरू नका, उपकरणांना द्या. चार महिने दमट हवेत पडून राहिलेल्या सामानात काय बिघडलंय, हे काळोख्या रात्री कळलं तर ती रात्र हातची जाते आणि पुढची अमावास्या महिनाभर लांब असते. तेच चंद्र असलेल्या रात्री कळलं तर काहीच बिघडत नाही.

पंचांग इथे आपल्या बाजूचं आहे. कोजागिरी पौर्णिमा पाऊस परतण्याच्या सुमारासच येते. अधिक महिन्याच्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस. त्या रात्री दीर्घिका आणि तेजोमेघ टिपता येत नाहीत, पण फोकस, ध्रुवाशी माउंट जुळवणं, गाइडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणं), तारे नेमके सापडतात की नाही हे सगळं चंद्रप्रकाशातही तितकंच चांगलं तपासता येतं. घरची मंडळी आटीव दूध घ्यायला गच्चीवर येणारच असतात, त्यांना चंद्र दाखवा आणि स्वतःची तपासणी चालू ठेवा. कोजागिरीनंतर आठवड्याभराने, वद्य अष्टमीपासून धनत्रयोदशीपर्यंत, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. हंगामातले पहिले खरे फोटो त्या दिवसांत काढायचे. लक्ष्मीपूजनाची अमावास्या कागदावर सर्वांत काळी असली तरी त्या तीन-चार रात्री धूर आणि रोषणाई एवढी असते की मी त्या धरतच नाही. त्रिपुरी पौर्णिमा उलटून गेल्यावरचा वद्य पंधरवडा मात्र एकही रात्र न सोडण्यासारखा असतो.

आठवडाभर आधी, घरात बसून

पहिली तपासणी बुरशीची. लेन्स हातात घ्या, दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पुढून आत बघा. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिची काळजी करू नका. कडेकडून आत पसरलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स लगेच बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा आणि चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे द्या. बुरशी जुनी झाली की काचेवरचा लेप खाते, मग साफ करूनही डाग राहतो. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाला आणि फिल्टरांना हाच टॉर्च लावून बघा. फिल्टरांच्या डब्या आपण विसरतो, आणि त्यांतल्या स्पंजात ओल सगळ्यात जास्त धरलेली असते.

धुळीला फक्त रबरी ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. रिफ्लेक्टरच्या, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीच्या, आरशावर धुळीचा थर दिसला म्हणून तो धुवायला काढू नका. दिसतो त्या मानाने चित्रावर त्याचा परिणाम फार थोडा असतो आणि चुकीच्या हाताने पडलेला ओरखडा कायमचा.

दुसरी तपासणी किड्यांची. पावसाळ्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला भोक शोधत असते, आणि माउंटच्या अंगावर भोकं भरपूर. डव्हटेलच्या (दुर्बीण अडकवायच्या पट्टीच्या) स्क्रूचं भोक, ध्रुवदर्शकाची (माउंट ध्रुवाकडे रोखायच्या छोट्या दुर्बिणीची) नळी, बारा व्होल्टचा सॉकेट, कशातही ती चिखलाची गोळी ठासून जाते. सॉकेटमध्ये अशी गोळी असताना पिन जोर लावून आत ढकलली तर माती मागे दबून बसते आणि संपर्क कधी लागतो, कधी तुटतो. असा दोष रात्री शोधणं सर्वांत वैतागवाणं. दात कोरायच्या काडीने माती सुटी करा, उपकरण उलटं धरून झटका, मग ब्लोअर मारा. धातूची सुई वापरू नका, मधली पिन वाकते. रिफ्लेक्टरच्या मागच्या बाजूला कोळ्यांची जाळी आणि पालीची अंडीही सापडतात, तिकडे एक नजर टाका.

पिना आणि प्लग नीट उजेडात बघा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ती गंज. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर केला की बहुतेक वेळा काम होतं. जिथे वायर प्लगमध्ये शिरते तिथे ती वाकवून बघा. रबर तडकलं असेल तर केबल बदलूनच टाका.

बॅटरीचं गणित प्रकारावर आहे. लेड-ॲसिड बॅटरी चार महिने चार्जिंगशिवाय पडली असेल तर तिची ताकद खरोखर कमी होते. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटर लावा: १२.६ ते १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.२ च्या खाली घसरली असेल तर तिच्या भरवशावर रात्र काढू नका. लिथियमच्या बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर ठेवलेल्या असतील तर त्यांचं बहुधा काही बिघडलेलं नसतं, पण फुगलेली दिसली तर ती चार्जिंगला न लावता थेट ई-कचऱ्यात द्या.

सिलिका जेल वाळवायची वेळ हीच. नारिंगी दाण्यांचा रंग पालटून हिरवट झाला किंवा निळ्यांचा गुलाबी, तर ते पाणी पिऊन बसलेत. मंद आचेवर जुन्या तव्यात परतले की रंग परत येतो, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी संयुग असतं, म्हणून नवीन घेताना नारिंगीच घ्या. थंड करायचे कॅमेरे वापरणाऱ्यांनी सेन्सरच्या कप्प्यातल्या शोषकाकडेही बघावं. तो भिजला असेल तर कॅमेरा उणे दहावर नेल्यावर सेन्सरसमोरच्या काचेवर दव किंवा बर्फ धरतो, आणि चित्राच्या मध्यभागी अंधूक डाग येतो. तो डाग फ्लॅट फ्रेमने (धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडावर घेतलेल्या फ्रेमने) जात नाही, कारण रात्रभर त्याचा आकार बदलत असतो.

आणि आता लॅपटॉप. चार महिने बंद राहिलेला लॅपटॉप पहिल्याच रात्री उघडला की तो अपडेट घ्यायला बसतो. आठवडाभर आधी चालू करा, सगळे अपडेट होऊ द्या, मग जेवणाच्या टेबलावर माउंट, मुख्य कॅमेरा, गाइड कॅमेरा आणि फोकसर रात्री जोडता त्याच केबलींनी, त्याच यूएसबी हबमधून जोडा. निना, शार्पकॅप, पीएचडी २, जे काही सॉफ्टवेअर वापरता ते उघडा आणि दोन तास चालू ठेवा. ड्रायव्हर रुसला असेल तर तो इथेच कळू दे. टोपी लावून डार्क फ्रेम (सेन्सरचा गोंगाट वजा करायच्या काळ्या फ्रेम) काढायलाही हीच संधी. थंड कॅमेरा असेल तर तापमान आणि एक्स्पोजर ठरवून पूर्ण डार्क संच ढगाळ रात्रीच करून ठेवता येतो. डीएसएलआरचे डार्क मात्र त्या-त्या रात्रीच्या तापमानातच काढायला हवेत.

सिनस्कॅनसारखा हातातला कंट्रोलर वापरत असाल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: तारीख तो महिना-दिवस-वर्ष अशी मागतो. ५ ऑक्टोबर आपल्या पद्धतीने भरली की तो १० मे समजतो, आणि मग दुर्बीण अभिजितकडे म्हणून भलतीकडेच बघत राहते. नाशिकसाठी अक्षांश २० अंश ० कला उत्तर, रेखांश ७३ अंश ४७ कला पूर्व, वेळ अधिक ५:३०, डेलाइट सेव्हिंग नाही.

गच्चीवर जागा कुठली

अंगण असेल तर अंगणच घ्या. मातीवरचा ट्रायपॉड काँक्रीटवरच्यापेक्षा शांत राहतो. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला गच्ची येते, आणि तिच्या दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे स्लॅब हलतो. त्याच्या मधोमध ट्रायपॉड उभा केला तर तुम्ही दोन पावलं चाललात तरी गाइडिंगच्या आलेखात उसळी दिसते. खाली कुणी बोअरची मोटर लावली तर विचारूच नका. खांबाच्या डोक्यावर किंवा निदान बीमवर ट्रायपॉड येईल अशी जागा शोधा. घराचा नकाशा नसेल तर खालच्या मजल्यावरून बीम कुठे जाते ते बघा आणि वर मोजून घ्या. जागा पक्की झाली की तिन्ही पायांखाली शहाबाद फरशीचे छोटे तुकडे ठेवा, म्हणजे वॉटरप्रूफिंगमध्ये पाय रुतत नाहीत, आणि तुकड्यांभोवती ऑइलपेंटने खूण करा. पुढच्या वेळी ध्रुवाशी जुळवायचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

दुसरी अडचण उष्णतेची. ऑक्टोबर हीटमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बराच वेळ गरम हवा वर सोडत राहतो आणि तारे लवलवतात. पाणी मारून गच्ची थंड करायचा मोह होतो, पण मग तेवढंच दव तुमच्या भिंगावर येतं. त्यापेक्षा संध्याकाळी लवकर मांडा आणि पहिले दोन तास जुळवाजुळवीत घालवा. नेमकं काम सुरू होईपर्यंत स्लॅब निवलेला असतो.

ध्रुव दिसतो का, हे दिवसाच तपासा. नाशिकचा अक्षांश २० अंश, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून २० अंशांवर. हात ताठ केल्यावर एक मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे दोन मुठी. हे फार खाली आहे. तुमच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा दहा मीटर उंच इमारत उत्तरेला साडेसत्तावीस मीटरांपेक्षा जवळ असेल तर ध्रुव झाकला जातो, आणि शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही तेवढं करू शकते. ध्रुव झाकला असेल तर निराश होऊ नका. निनामधली तीन बिंदूंची पद्धत किंवा एएसआयएअरसारख्या यंत्रांतली तशीच सोय आकाशाच्या दुसऱ्या भागाचे फोटो काढून माउंट किती चुकलंय ते सांगते. सुरुवातीची दिशा होकायंत्राने लावा. नाशिकमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहेत, त्यामुळे दुरुस्ती लागत नाही. पण स्लॅबमधल्या सळया आणि माउंटचं लोखंड सुईला ओढतात, म्हणून होकायंत्र हातात उंच धरून, माउंटपासून दूर उभं राहून दिशा घ्या.

इतक्या कमी अक्षांशाचा आणखी एक परिणाम इक्वेटोरियल माउंटवर (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो) होतो. ध्रुवअक्ष जवळजवळ आडवा होतो, वजनाची दांडी खाली झुकते आणि उत्तरेकडच्या पायाला घासू शकते. वजनं शक्य तेवढी वर, माउंटच्या जवळ सरकवा, आणि क्लच सोडून हाताने पूर्ण फेरी फिरवून बघा. ही फेरी दिवसा झालीच पाहिजे.

शेजाऱ्यांशी बोलायचं कामही दिवसाच करा. "काकू, जिन्यावरचा दिवा रात्री अकरानंतर बंद ठेवाल का, मी वर फोटो काढतोय," एवढं आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही, आणि रात्री बारा वाजता दार वाजवायची वेळ येत नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलाबद्दल मात्र काही बोलू नये. तो महिना त्यांचा आहे.

हवामान वाचायला शिका

फक्त ढगांच्या टक्केवारीवर जाऊ नका. ऑक्टोबरमध्ये दुपारी ढग जमून संध्याकाळी गडगडाट करून रात्री आकाश मोकळं होतं, आणि कधी नेमकं उलट. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची इन्फ्रारेड चित्रं रात्रीही येतात. शेवटची दोन-तीन तासांची चित्रं ओळीने बघितली की ढग कुठून कुठे सरकतायत ते कळतं. विंडी आणि मिटिओब्लू यांचे अंदाज आदल्या दिवशीचा बेत ठरवायला चांगले, पण सामान बाहेर काढायचा निर्णय उपग्रहचित्रावर घ्या. ईशान्येला वीज चमकताना दिसली तर ती लांब असली तरी मांडामांड करू नका, आणि मांडलं असेल तर घरातल्या विजेच्या जोडणीपासून सगळं सोडवा.

दवाचा विचार नाशिकमध्ये वेगळा करावाच लागतो. पावसाळ्यानंतर जमिनीत आणि गोदाकाठच्या हवेत ओल भरपूर असते. निरभ्र रात्री भिंग आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून हवेचं तापमान दवबिंदूपर्यंत पोचायच्या आधीच काच धुकटते. भिंगाच्या व्यासाच्या निदान दीडपट लांब दवरोधक नळी लावा आणि भिंगाच्या लगेच मागे हीटरची पट्टी बांधा. दव धरल्यावर हीटर चालू करणं म्हणजे उशीर झाला, तो सुरुवातीपासून मध्यम ताकदीवर चालू हवा. गाइडस्कोपलाही (गाइड कॅमेऱ्याच्या छोट्या दुर्बिणीलाही) वेगळी पट्टी लागते. तारा दिसेनासा झाला की लोक केबली तपासत बसतात, आणि दोष असतो गाइडस्कोपच्या ओल्या भिंगाचा. श्मिट-कॅसेग्रेनची (पुढे काच आणि मागे आरसा असलेल्या दुर्बिणीची) पुढची काच सर्वांत आधी धुकटते, रिफ्लेक्टरचा मोठा आरसा नळीत खोल असल्याने वाचतो, पण दुय्यम आरसा नाही वाचत. एसी असलेल्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर आणू नका. आणलीच तर टोपी लावून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

एक्स्टेन्शन बोर्ड आणि ॲडॉप्टर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, विटेवर उचलून ठेवा. घरात ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी कळ) आहे आणि तिचं टेस्ट बटन चालतं, हे आधी दाबून बघा. दवाने ओली झालेली गच्ची, अनवाणी पाय आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये तेवढंच एक यंत्र उभं असतं.

एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते: पारदर्शकता आणि स्थिरता यांत फरक करा. पाऊस पडून गेल्यावर धूळ खाली बसलेली असते, त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचे दिवस अंधूक दीर्घिकांसाठी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की जमिनीलगत धुराचा थर अडकतो. निफाडकडे पारा फार उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, शहरातही कोपऱ्या-कोपऱ्यावर पेटतात, आणि क्षितिजाकडचे तीस अंश गढूळ होतात. थंडीची वाट बघत बसणारे लोक मला भेटतात. माझ्या मते हंगामातला सर्वांत चांगला काळ ते बसल्या जागी घालवतात.

पहिली रात्र, क्रमाने

ऑक्टोबरच्या मध्याला नाशिकमध्ये सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो आणि पूर्ण काळोख साडेसातच्या सुमारास होतो. सूर्य मावळल्यावरच झाकण काढा आणि लांबच्या मोबाइल टॉवरवर फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवून घ्या. उजेडात हे पाच मिनिटांचं काम असतं.

रिफ्लेक्टर असेल तर कोलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) आत्ताच करा. लेझरने केलं असलं तरी नंतर ताऱ्यावर खात्री करा: मध्यभागीचा तारा थोडा फोकसबाहेर नेल्यावर दिसणारी वर्तुळं एककेंद्री असली पाहिजेत.

तारे दिसू लागले की ध्रुव. ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाच्या एम आकारावरून ध्रुवाकडे जा. ध्रुव खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंशावर आहे, म्हणून तो ध्रुवदर्शकाच्या मधोमध न आणता वर्तुळावर योग्य जागी बसवायचा. ती जागा पोलर फाइंडरसारखं ॲप दाखवतं. ५ कलांच्या आत चूक आली की गाइडिंगला पुरतं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). फक्त ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं छोटं माउंट) आणि लेन्स असेल तर तेवढंही काटेकोर लागत नाही.

मग फोकस. अभिजित पश्चिमेकडे कललेला, श्रवण डोक्यावर, दोन्ही चांगले. बाख्तिनॉव्ह मास्क लावा. रशियाच्या पावेल बाख्तिनॉव्ह यांनी २००५ मध्ये सुचवलेली ही जाळी ताऱ्याभोवती तीन रेघा पाडते. मधली रेघ बाकीच्या दोघींच्या फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की फोकस झाला. आता मास्क काढा आणि दहा सेकंदांची फ्रेम घेऊन चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा. तारे एकाच कोपऱ्यात ताणलेले असतील तर कॅमेरा तिरका बसलाय, चारही कोपऱ्यांत बाहेरच्या दिशेने ताणलेले असतील तर फ्लॅटनरचं (कडेचे तारे सुधारणाऱ्या भिंगाचं) सेन्सरपासूनचं अंतर चुकलंय, सगळीकडे एकाच दिशेला ताणलेले असतील तर ट्रॅकिंग किंवा गाइडिंग. हे निदान पहिल्या रात्री शांतपणे केलं की पुढचे कित्येक तास वाचतात.

गाइडिंगमध्ये मागच्या हंगामाचं कॅलिब्रेशन पुसून टाका. पावसाळ्यात केबल, कॅमेऱ्याचा कोन, सगळं हललेलं असतं. नवीन कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळ (उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या रेषेजवळ) करायचं. नाशिकहून ती जागा दक्षिणेकडे ७० अंश उंचीवर येते, रात्री नऊला कुंभेतल्या ताऱ्यांच्या आसपास. गाइड कॅमेऱ्याचे डार्क नव्याने घ्या, कारण पिक्सेल वर्षभरात बदलतात. किती चूक चालते याचं मोजमाप तुमच्या पिक्सेलवर आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, नाभीय अंतराने भागा. ३.७६ मायक्रॉनचा सेन्सर आणि ४०० मिमीची दुर्बीण असेल तर एका पिक्सेलला जवळपास १.९ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). अशा वेळी एकूण आरएमएस (गाइडिंगची सरासरी चूक) एका विकलेच्या आत आला की पुरे. पुढे तो अर्ध्या विकलेवर आणण्यासाठी सेटिंग चिवडत बसू नका.

ट्रॅकर नसून साध्या ट्रायपॉडवर कॅमेरा असेल तर ५०० चा नियम: ५०० ला नाभीय अंतराने भागा, क्रॉप सेन्सर असेल तर आणखी १.५ किंवा १.६ ने, तेवढे सेकंद ताऱ्यांच्या रेघा होत नाहीत. क्रॉप सेन्सरवर ५० मिमीला साधारण सहा सेकंद. बारीक पिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्यांना त्याच्या निम्मंच धरावं.

शेवटी मेरिडियन फ्लिप (लक्ष्य मध्यमंडल ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवणं) करून बघा, आणि तो मुद्दाम कृत्तिकांच्या बाजूच्या आकाशात करा. कृत्तिका नाशिकमध्ये ८६ अंशांवर, म्हणजे अगदी माथ्यावरून जातात. माथ्याकडे बघणाऱ्या दुर्बिणीचा मागचा भाग, कॅमेरा, फिल्टर व्हील ट्रायपॉडच्या पायाला लागण्याची जागा हीच. केबली ताणल्या जात नाहीत ना, हे टॉर्च घेऊन जवळ उभं राहून बघा. पहिल्या रात्री हा फ्लिप झोपेत होऊ देऊ नका.

मग कशाचे फोटो

गच्चीवरच्या लोकांना मी दोन याद्या ठेवायला सांगतो. एक हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाची, दुसरी सगळ्या रंगांच्या प्रकाशाची. तेजोमेघांचा प्रकाश मुख्यतः ६५६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या आसपास अडकलेला असतो, म्हणून ड्युअल-बँड फिल्टर लावला की शहराचा उजेड मोठ्या प्रमाणात गाळला जातो. जुने प्रकाशप्रदूषण फिल्टर पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी होते. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी आहेत आणि त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे त्या फिल्टरांवर पैसे घालू नका.

पहिल्या यादीत ऑक्टोबरमध्ये हंसातला उत्तर अमेरिका तेजोमेघ, संध्याकाळी आठलाच ६६ अंशांवर. त्यानंतर कुंभेतला हेलिक्स, साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला ४९ अंशांवर. युरोपातल्या छायाचित्रकारांना तो क्षितिजालगतच्या धुरकट हवेतून टिपावा लागतो, आपल्याला तो निम्म्या आकाशाच्या उंचीवर मिळतो. नोव्हेंबरच्या मध्याला शर्मिष्ठेतला हार्ट तेजोमेघ रात्री साडेअकराच्या सुमारास सर्वांत उंच येतो. ड्युअल-बँडवर अर्ध्या चंद्रातही काम होतं, तेव्हा या यादीसाठी काळोख्या रात्री खर्च करू नका.

काळोख्या रात्री दीर्घिकांसाठी आणि कृत्तिकांसाठी ठेवा. त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत असतो, फिल्टर त्यांना मदत करत नाही. देवयानी दीर्घिका, एम ३१, ही २५ लाख प्रकाशवर्षांवर असूनही आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी-शेजारी. तिला लांब दुर्बीण नको, २०० ते ३०० मिमीची लेन्स छान बसते. ती उत्तरेच्या बाजूने ६९ अंशांवरून मध्यमंडल ओलांडते आणि पाचच मिनिटांनी दक्षिणेला ४५ अंशांवरून शिल्पकारातली एनजीसी २५३ ओलांडते. ही जोडी मला फार आवडते: एकाच रात्री, एकाच गच्चीवरून, दोन्ही बाजूंना दोन मोठ्या दीर्घिका, दोन्ही आपापल्या सर्वोच्च जागी. कुठली घ्यायची हे तुमच्या गच्चीच्या उजेडाने ठरवा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती ज्या बाजूला येतात तिकडचं आकाश सोडा. मखमलाबाद, म्हसरूळकडे राहणाऱ्यांना उत्तर बरी मिळते, त्यांनी देवयानी घ्यावी.

शहरात एकेक एक्स्पोजर लांब ठेवण्यात अर्थ नाही. एफ ५ च्या आसपास, फिल्टरशिवाय, ६० सेकंद पुरतात. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या वाटपाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडच्या भिंतीपासून सुटला की झालं. चित्राचा दर्जा एकूण वेळेने सुधारतो: चौपट वेळ दिला की गोंगाट निम्मा होतो. म्हणून तीन रात्रींत तीन लक्ष्यं घेण्यापेक्षा तीन रात्री एकाच लक्ष्याला द्या. थंडी वाढेल तसा फोकस सरकतो, तो तासातासाला पुन्हा बघा.

फ्लॅट, आणि सामान आत घेताना

पावसाळ्यानंतर फ्लॅट टाळायची सोयच नाही. जुन्या फ्लॅटमधले धुळीचे गोल आता वेगळ्या जागी आहेत, ते वापरले तर दुप्पट डाग पडतील. कॅमेरा काढायच्या किंवा फिरवायच्या आधी, फोकस तसाच ठेवून, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती टी-शर्ट ताणून त्यावर टॅबलेटचा पांढरा पडदा ठेवा. हिस्टोग्राम मधोमध किंवा थोडा डावीकडे येईल असं एक्स्पोजर घेऊन २५-३० फ्रेम काढा. एलईडीचा लुकलुकाट टाळायला एक्स्पोजर अर्ध्या सेकंदापेक्षा कमी होणार नाही इतका पडदा मंद करा. फ्लॅट चांगले असतील तर शहराच्या उजेडाने आलेला तिरका रंगही नीट काढता येतो. त्यासाठी सिरिल आणि ग्रॅक्सपर्ट ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि पुरेसे आहेत.

पहाटे सगळं आत नेताना दुर्बीण दवाने भिजलेली असते. टोपी लावून थेट पेटीत बंद केली तर आठवड्यापूर्वी टॉर्च लावून शोधलेली बुरशी तिथेच धरायला लागेल. पंखा चालू असलेल्या खोलीत, टोप्या काढून, तोंड थोडं खाली करून दोन-तीन तास ठेवा. भिंगावरचं पाणी पुसू नका, आपोआप उडू द्या. पूर्ण कोरडी झाल्यावर टोप्या लावा आणि वाळवलेल्या सिलिका जेलसह पेटी बंद करा. वहीत त्या रात्रीच्या तीन गोष्टी लिहा: दव किती वाजता धरलं, हीटर किती टक्क्यांवर होता, आणि फोकसरचा आकडा काय होता. वद्य अष्टमीला मांडायला बसाल तेव्हा सुरुवात या तीन आकड्यांपासून करा.